रिव्हरसाइड

रिव्हरसाइड : अमेरिकेच्या इलिनॉय राज्याच्या कुक काउंटीतील एक लहान उपनगरी गाव. लोकसंख्या सुमारे ९,०००. शिकागोच्या मध्यवर्ती भागापासून पश्चिमेस सुमारे १५ किमी. वर, डेस प्लेन्स नदीच्या वळणात ते वसले आहे. पूर्ण आराखडा आधी तयार करून मग वसविलेल्या अमेरिकन उपनगरांत त्याचे स्थान फार वरचे असून १९७० मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

रिव्हरसाइड हे अमेरिकेतील पहिले नियोजित उपनगर होय, असे पुष्कळदा लिहिले जाते. मात्र हे विधान जपून स्वीकारावे लागते. न्यू जर्सीतील लुएलिन पार्क ही वसाहत १८५० च्या दशकात आखली गेली होती आणि इलिनॉयमधीलच लेक फॉरेस्ट येथील वळणदार रस्त्यांचा आराखडा १८५७ च्या सुमाराचा आहे. तथापि लुएलिन पार्क ही फाटकाआड बंद असलेली श्रीमंतांची वसाहत होती, तर रिव्हरसाइडमध्ये रस्ते, नदीकाठ आणि हिरवळी सर्वांसाठी खुल्या ठेवण्याचा विचार पायाभूत होता. त्यामुळे ‘पहिले’ या विशेषणापेक्षा ‘सार्वजनिक जागेला मध्यवर्ती स्थान देणारे पहिले मोठे उपनगर’ हे वर्णन अधिक यथार्थ ठरते.

नदीकाठचा हा भाग मूळचा पोटावाटोमी या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांच्या वावराचा होता. १८६४ मध्ये बर्लिंग्टन लोहमार्ग येथून गेल्यावर जमिनीला मोल आले. एमरी चाइल्ड्स यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या रिव्हरसाइड इम्प्रूव्हमेंट कंपनीने सुमारे १,६०० एकर जमीन मिळवून आराखड्याचे काम न्यूयॉर्कच्या ऑल्मस्टेड, व्हॉक्स आणि कंपनी या उद्यानरचनाकारांच्या भागीदारी संस्थेकडे सोपविले. प्राथमिक अहवाल १ सप्टेंबर १८६८ चा असून आराखडा १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींवर भागीदारीचे नाव असले, तरी अहवालातील विचार बहुतांशी फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड यांचाच मानला जातो आणि मजकूर पाहता तेच सयुक्तिक वाटते. कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा वाटा त्यामुळे गौण ठरत नाही, कारण न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपासून दोघांचे काम एकमेकांत मिसळलेले होते.

आराखड्याचे खरे मर्म रस्त्यांत आहे. शिकागोच्या परिसरातील सपाट, चिकण जमिनीवर पावसाळी दिवसांत चिखल इतका होई की गाड्या रुतून बसत; म्हणून अहवालात पाण्याचा निचरा आणि पक्के रस्ते यांना अग्रक्रम दिला आहे. शिकागोच्या काटकोनी, चौकटीसारख्या रस्त्यांऐवजी येथे सावकाश वळत जाणारे रस्ते आखले गेले, कारण निवांतपणा आणि स्वस्थता वळणांतून सुचविली जाते, अशी ऑल्मस्टेड यांची धारणा होती. रस्त्याची पातळी दोन्ही बाजूंच्या हिरवळीपेक्षा थोडी खाली ठेवल्याने घराच्या खिडकीतून पाहणाऱ्याला मधला रस्ता जवळजवळ दिसत नाही आणि समोरची हिरवळ आपल्याच अंगणाला जोडून आल्यासारखी भासते. घरे रस्त्यापासून ३० फूट मागे असावीत आणि मधल्या जागेत मालकाने एक-दोन झाडे जिवंत राखावीत, अशाही अटी होत्या. रस्ते मिळतात तेथे उरलेले त्रिकोणी तुकडे विकून न टाकता बागेसाठी राखले गेले; हा बारकावा आजही गावभर पाहता येतो.

कंपनीचे आर्थिक व्यवहार मात्र या आराखड्याच्या तोलाचे नव्हते. ऑल्मस्टेड व व्हॉक्स यांच्या मानधनाचा मोठा भाग रोखीऐवजी भूखंडांच्या रूपाने देऊ केला गेला आणि ‘लाँग कॉमन’ या मोकळ्या मैदानातच आपले घर बांधण्याचा बेत चाइल्ड्स यांनी केला, यांवरून बेबनाव होऊन १८७० च्या सुमारास दोघांनी काम सोडले. पुढील देखरेख वास्तुविशारद विल्यम ल बॅरन जेनी यांच्याकडे आली. गावाची ओळख ठरलेला जलमनोरा (१८७१) त्यांच्याच आराखड्याचा आहे. ऑक्टोबर १८७१ च्या शिकागोतील भीषण आगीनंतर पैसा शहराच्या पुनर्बांधणीकडे वळला आणि १८७३ च्या मंदीत कंपनी बुडाली. शिकागोपर्यंत जोडणारा नियोजित रुंद, वृक्षाच्छादित मार्गही अपुराच राहिला. १८७५ मध्ये रहिवाशांनी आपले स्वतंत्र ग्रामशासन स्थापन केले.

त्यानंतरची वाढ संथ झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी येथे बांधलेली टोमेक व कूनली ही घरे वास्तुकलेच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहेत. जलमनोऱ्याचा वरचा लाकडी भाग १९१३ च्या आगीत जळाल्यावर नव्याने बांधला गेला. रस्त्यांवर आजही गॅसचे दिवे असून, सरळ रस्त्यांची सवय असलेला पाहुणा येथे वाट चुकतो.