सिलिंडरचं गंजकं कडं अ‍ॅसिडने का जात नाही

जुने वाडे आणि चाळी पाडल्या की शहाबादी फरशा ढिगाने निघतात आणि हल्ली लोक त्या बागेत, अंगणात वाट करायला आवडीने घेतात. स्वस्त पडतात, दगड मजबूत असतो, सगळं छान. पण आल्यावर बघावं तर एकीवर सिलिंडरचं गोल गंजकं कडं, दुसरीवर लोखंडी कपाटाच्या पायांचे चार तपकिरी ठिपके. मग कुणीतरी व्हिडिओ पाठवतं, फरशी धुवायचं अ‍ॅसिड ओता, फेस आला की समजा डाग निघाला. कळकळीने सांगतो, हे करू नका. तो फेस डागाचा नाहीच, तो दगडाचा आहे.

शहाबाद कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे, आणि तिथला दगड आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टसारखा लाव्हाचा नाही. तो चुनखडीचा, प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून झालेला, म्हणूनच तो असा सपाट, पातळ निघतो. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर फरशी धुवायचं, म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड फसफसत निघून जातो आणि मागे राहतं कॅल्शियम क्लोराइड, जे हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून अशी फरशी नंतर ओलसर वाटत राहते, शिवाय वरचा थर खाल्ला जाऊन पांढुरका खडबडीत चट्टा उरतो तो वेगळाच.

आणि गंजाचं काय होतं ते ऐका. अ‍ॅसिडमध्ये गंज विरघळतो हे खरं, पण विरघळलेलं लोखंड त्या पाण्याबरोबर दगडाच्या छिद्रांत आत उतरतं, आत गेल्यावर चुनखडी अ‍ॅसिडला मारून टाकते, आणि अ‍ॅसिड संपलं की लोखंड पुन्हा गंज बनून तिथेच बसतं. म्हणजे वर असलेला डाग आपणच खाली पेरला.

दुसरा लोकप्रिय उपाय लिंबू आणि खायचा सोडा. फेसाने डाग उखडतो असं सांगतात ते चूक आहे, पण फेस बसल्यावर जे उरतं ना, ते मात्र खरंच कामाचं आहे! ते आहे सोडियम सायट्रेट. सायट्रेटच्या रेणूला लोखंड धरायला तीन-चार जागा असतात, तो लोखंडाच्या अणूला चारी बाजूंनी कवटाळतो आणि मग अ‍ॅसिड नसतानाही ते पाण्यात विरघळलेलं राहतं. किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, वजनाने 3 भाग आणि खायचा सोडा साधारण 4 भाग, पाण्यात थोडं थोडं करून एकत्र करा. फेस पूर्ण थांबला पाहिजे. थांबल्यावर चिमूटभर सोडा टाकून बघा, पुन्हा फसफसलं तर अ‍ॅसिड शिल्लक आहे, आणखी सोडा घाला.

आता हे पाणी नुसतं ओतून भागत नाही, कारण पकडलेलं लोखंड बाहेर काढायचंय. इथे येतो लेप, म्हणजे त्या पाण्यात पावडर कालवून डागावर थापलेला जाड थर, आणि मला या सगळ्यातली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते. बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं हे शाळेत शिकलोय. 0.1 मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत ते साधारण 14 सेंटिमीटर चढतं, त्रिज्या दहापट कमी केली की दहापट उंच, म्हणजे 1.4 मीटर. थोडक्यात छिद्र जितकं बारीक तितकी ओढ जास्त. म्हणून मोठ्या आणि बारीक छिद्रांचे दोन पदार्थ चिकटून ठेवले तर वाळताना पाणी मोठ्या छिद्रांतून बारीक छिद्रांकडे जातं. लेपाची छिद्रं दगडापेक्षा बारीक असतील तर ओलावा दगडातून लेपात येतो, लेपाच्या वरच्या तोंडाशी वाफ होऊन जातो आणि बरोबर आणलेलं लोखंड तिथे सोडून देतो. वाफ जिथे होते, डाग तिथे जमा होतो, सगळी मेख यातच आहे. लेप जाडाभरडा असेल किंवा तडकून सुटला तर वाफ दगडाच्या पृष्ठभागावरच होणार आणि डाग तिथेच. शहाबादीची छिद्रं फार बारीक असतात, म्हणून नुसता टिश्यू पेपर चालत नाही, रंगाच्या दुकानातली मऊ चॉक पावडर घ्या. मुलतानी माती तेलाच्या डागाला चांगली, पण तिच्यात स्वतःचंच लोखंड असू शकतं, गंजासाठी ती नको.

फरशी आधी साध्या पाण्याने ओली करा, नाहीतर कोरडा दगड पहिलाच घोट खोल ओढून घेईल. सायट्रेटच्या पाण्यात चॉक पावडर थालीपीठाच्या पिठाइतकी घट्ट कालवा, बोटभर जाड थापा, एक दिवस प्लास्टिकने झाका म्हणजे सायट्रेट आत जाऊन लोखंड धरेल. मग प्लास्टिक काढून सावलीत वाळू द्या. उन्हात नको, तडकतो. वाळलेला लेप काढून फरशी भरपूर पाण्याने धुवा. जुना डाग एका लेपात जात नाही, पुन्हा लावावा लागतो. आणि सायट्रेट दगडातल्या कॅल्शियमलाही हळूहळू धरतं, म्हणून लेप आठवडाभर तसाच विसरू नका. पुरातन दगड जतन करणारे लोक त्यात सोडियम डायथायोनाइटही वापरतात, ते गंजातल्या तीन धनभाराच्या लोखंडाला दोन धनभारावर आणतं आणि ते रूप पाण्यात जास्त सहज उतरतं, पण त्यातून सल्फर डायऑक्साइड हा विषारी वायू सुटतो, घरी करू नये.

बाकीचे डाग सोपे. हळदीला काहीच करू नका, तिच्यातलं पिवळा रंग देणारं कर्क्युमिन उन्हात मोडतं. साबणाने घासलं तर ती लाल होईल, हळदीत चुना घालून कुंकू करायचे तीच रसायनक्रिया, घाबरू नका. शेवाळाला ब्लीच चालतं, पण ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र नको, क्लोरीन वायू सुटतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

जुन्या घराची फरशी वापरली की वास्तुदोष लागतो असंही सांगणारे भेटतात. दगडाला आधीच्या मालकाची आठवण नसते. त्याच्यात पाणी, क्षार आणि लोखंड असतं, आणि तेवढ्याचा उपाय आपल्या हातात आहे. या भीतीने चांगला दगड राडारोड्यात जातो याचं मला खरंच वाईट वाटतं.

काही तपकिरी पट्टे मात्र दगडाच्या जडणघडणीतलेच असतात, ते कशाने जाणार नाहीत. अशी फरशी उलटी घाला किंवा कडेला, जिथे झाडं तिच्यावर येतील तिथे. उलटी करण्याआधी खालचा जुना चुना-सिमेंट छिन्नीने साफ काढा, आणि वर आलेली बाजू खडबडीत असली तर बागेत बरीच, पावसाळ्यात पाय घसरत नाही.