बोलणं सोडून दिलेला क्रतेक

काळंभोर अंग, लाल नाक आणि डोक्यावर मोजून तीन केस. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेला क्रतेक नावाचा हा कार्टूनमधला मोल मध्य युरोपातल्या कित्येक पिढ्यांच्या बालपणात आहे. जमिनीखाली बोगदे खणणारा हा प्राणी महाराष्ट्रात आढळत नाही, तरी क्रतेकची गोष्ट कळायला आपल्याकडच्या दोन वर्षांच्या मुलालाही अडचण येणार नाही. त्याच्या बहुतेक गोष्टींत संवाद नाहीत, निवेदनही नाही. सुरुवातीला मात्र तो बोलत होता.

1950च्या दशकात चित्रकार झ्देन्येक मिलर यांच्याकडे एक काम आलं. जवसाच्या रोपापासून कापड कसं तयार होतं, हे लहान मुलांना समजावणारी अ‍ॅनिमेशन फिल्म करायची होती. मिलर यांचा जन्म 1921चा, क्लादनो गावचा. अ‍ॅनिमेशनमध्ये त्यांचा हात बसला तो झ्लिन शहरातल्या स्टुडिओत. आपल्याला बुटांमुळे ठाऊक असलेल्या बाटा कंपनीने जाहिरातपटांसाठी उभारलेला हा स्टुडिओ. युद्ध संपल्यावर ते प्रागच्या ‘ब्रात्री व्ह त्रिकु’ स्टुडिओत आले. कापडाच्या या विषयाला नायक म्हणून त्यांना प्राणीच हवा होता, पण डिस्नेने आधी वापरलेला नको होता. एकदा फिरायला गेले असताना ते मातीच्या ढिगाला अडखळले. ढीग मोलने उकरलेला होता. नायक सापडला तो असा, हे मिलर स्वतःच सांगत.

ती पहिली फिल्म आजही बघावी अशी आहे. क्रतेकला खिसे असलेली निळी विजार हवी असते. जवस त्याला सगळी कृती सांगतो आणि मग एकेक जण मदतीला येतो. साळिंदरासारखा काटेरी हेजहॉग आपल्या काट्यांनी तंतू विंचरतो, कोळी सूत काततात, निळ्या बेरींच्या रसात ते रंगवलं जातं, मुंग्या विणतात, खेकड्यासारखा क्रेफिश नांग्यांनी कापड बेततो आणि एक पक्षी चोचीने शिवण घालतो. 1957 साली व्हेनिसच्या महोत्सवात या फिल्मचा गौरव झाला.

या फिल्ममध्ये बोलणं भरपूर आहे, पण आवाज बंद करून पाहिलं तरी फारसं काही अडत नाही. प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर घडते, आधीचं काम पुरं झाल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही. पुढच्या गोष्टींचा पाया इथेच घातला गेला, असं मला वाटतं.

आपली गोष्ट कुठल्याही देशातल्या मुलाला समजावी, अशी मिलर यांची इच्छा होती. मग त्यांनी शब्दच काढून टाकले. उरले ते छोटे छोटे उद्गार: आश्चर्याचा हुंकार, हिरमुसल्याचा सुस्कारा, खुदकन हसणं. यासाठी त्यांनी आपल्या मुलींचे आवाज वापरले. क्रतेकचं हसू इतकं खरं वाटतं, कारण ते खरोखरच एका मुलीचं आहे. फिल्म तयार झाली की ती आधी या मुलींना दाखवायची आणि त्यांना कळते का, ते पाहायचं, हीही त्यांची रीत होती.

1963च्या दुसऱ्या फिल्ममध्ये क्रतेकला मोटारीचा ध्यास लागतो. पुढे रॉकेट आलं, ट्रान्झिस्टर आला, च्युइंगगम आलं. दर वेळी माणसांच्या जगातली एखादी वस्तू, तिच्याबद्दलचं कुतूहल आणि त्यातून उडणारी धांदल. संवाद नसल्यामुळे संगीतावर मोठा भार पडतो, आणि ते तो छान पेलतं. 2002पर्यंत सुमारे 50 फिल्म झाल्या. म्हणजे सरासरी वर्षाला जेमतेम एक! हा निवांतपणा परवडला, कारण सुरुवातीच्या दशकांत स्टुडिओ सरकारी होता.

सरकारी पैशातून निघाली म्हणून मालिका सरकारची भाट झाली नाही. 1982च्या फिल्ममध्ये जंगल तोडून तिथे शहर उभारलं जातं आणि क्रतेक, हेजहॉग आणि ससा बेघर होतात. एकही वाक्य न उच्चारता केलेली इतकी थेट तक्रार मुलांच्या टीव्हीवर मी दुसरी पाहिलेली नाही.

घराघरांत क्रतेक पोचवला तो टीव्हीने. चेकोस्लोव्हाकियात 1965पासून संध्याकाळी ‘वेचेर्निचेक’ हा झोपण्याआधीचा कार्यक्रम लागू लागला. पश्चिम जर्मनीत 1971 साली सुरू झालेल्या ‘माऊस’च्या लहान मुलांसाठीच्या कार्यक्रमातून तो तिथल्या मुलांनाही भेटला. शीतयुद्ध ऐन भरात असताना एकच फिल्म सीमेच्या दोन्ही बाजूंना चालत होती आणि तिचं डबिंग करायची गरज नव्हती. मे 2011मध्ये अंतराळवीर अँड्र्यू फॉइस्टेल यांनी एंडेव्हर यानातून क्रतेकचं बाहुलं अवकाशात नेलं. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला मिलर गेले.

त्यानंतर चीनच्या भागीदारीत ‘क्रतेक आणि पांडा’ ही नवी मालिका निघाली, 2016मध्ये ती पडद्यावर आली. ती संगणकावर केलेली, त्रिमितीय, आणि तिच्यात क्रतेक बोलतो. चेक प्रेक्षकांतून नाराजी उमटली, हक्कांवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. मला ती नाराजी पूर्णपणे पटते. नव्या मालिकेला प्रत्येक देशात पुन्हा भाषा बदलून घ्यावी लागते, आणि मिलर यांना नेमकं तेच टाळायचं होतं.