निर्वसाहतीकरण आणि भूगोलज्ञ : ऑर्लांदो रिबेरो यांचा गोवा अभ्यास

परकीय सत्तेचा अंमल संपून एखाद्या प्रदेशाचा कारभार तिथल्या लोकांच्या हाती येणे, या प्रक्रियेला निर्वसाहतीकरण म्हणतात. इतिहास आणि राज्यशास्त्राइतकाच भूगोलाचाही तिच्याशी जवळचा संबंध आहे. साम्राज्यांनी आपले दावे नकाशांवर मांडले; ती मोडू लागली तेव्हाचे तंटेही हद्दी, वाटा आणि बंदरांवरूनच झाले. हा संबंध समजून घेण्यासाठी गोव्याइतके जवळचे उदाहरण मराठी वाचकाला क्वचितच सापडेल. लिस्बन विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक ऑर्लांदो रिबेरो (१९११–१९९७) यांनी १९५५–५६ मध्ये गोव्याची पाहणी केली आणि पोर्तुगीज सरकारला अहवाल दिला. सरकारनेच पाठवलेल्या अभ्यासकाने सरकारच्या मूळ दाव्याला जमिनीवर आधार दिसत नाही, असे त्यात लेखी कळवले.

हा दावा घडवण्याचे काम पोर्तुगालने बरीच वर्षे चालवले होते. १९३४ मध्ये पोर्तो शहरात वसाहतींचे प्रदर्शन भरले. त्या वेळी प्रदर्शनाचे संचालक एन्रिके गाल्वाओ यांनी तयार केलेल्या नकाशात अंगोला, मोझांबिक यांचे आकार युरोपच्या नकाशावर ठेवून स्पेनपासून पार पूर्व युरोपापर्यंतचा भाग झाकला होता. ‘पोर्तुगाल हा लहान देश नव्हे’ असे त्याचे शीर्षक होते. हा नकाशा शाळाशाळांतून लागला. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवण्यात आले. मूळ हेतू असा, की गोवा ही वसाहतच नाही म्हटल्यावर ती सोडण्याचा प्रश्नच उरत नाही. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. तुमच्या ताब्यात स्वयंशासन नसलेले प्रदेश आहेत का, या संघटनेच्या विचारणेला त्याने नकारार्थी उत्तर दिले ते याच आधारावर.

शीतयुद्धाने या दाव्याला वजन मिळवून दिले. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांच्या संयुक्त निवेदनात या प्रदेशांचा उल्लेख पोर्तुगीज प्रांत असा आला आणि भारतात संतापाची लाट उसळली. त्याच सुमारास भारताच्या दौऱ्यावर असलेल्या बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह या सोव्हिएत नेत्यांनी मात्र भारताची बाजू उघडपणे घेतली. त्याआधी १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यात वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले, आणि भारताने पोर्तुगालशी असलेले राजनैतिक संबंध तोडले. रिबेरो गोव्यात आले ते या वातावरणात.

ते काही नवखे नव्हते. १९४३ मध्ये त्यांनी लिस्बन विद्यापीठात भौगोलिक अभ्यास केंद्र उभे केले. पोर्तुगालच्या भूमीवर भूमध्य समुद्र आणि अटलांटिक यांचा प्रभाव कसा पडतो, हे सांगणारा त्यांचा ग्रंथ १९४५ चा. पोर्तुगीज गिनी, मदैरा आणि केप व्हर्दमधील फोगो हे ज्वालामुखी बेट त्यांनी स्वतः फिरून अभ्यासले होते. पायी हिंडायचे, शेत कसे कसले जाते, घर कशाचे बांधलेले असते, बाजारात कोणती भाषा ऐकू येते हे टिपायचे, छायाचित्रे घ्यायची आणि मगच निष्कर्षाकडे वळायचे, ही त्यांची पद्धत. विद्यार्थ्यांनाही त्यांनी तीच लावली. गोव्याच्या मोहिमेत त्यांच्याबरोबर राकेल सुएरू द ब्रितू आणि मारियानो फेयो हे भूगोलज्ञ होते.

गोव्याची भूमी अशा नजरेला बरेच काही सांगते. मांडवी आणि जुवारीच्या काठी भरतीचे खारे पाणी जिथवर चढते, तिथे खाजने, म्हणजे बांध घालून मिळवलेली शेतजमीन आहे. बांधात लाकडी झडपांचे दार असते, त्याला मानस म्हणतात. भरतीच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात, ओहोटीला शेतातले जादा पाणी त्यांतून बाहेर पडते. आत भात पिकते, आणि मानशीच्या तोंडाशी मासळीही धरतात. बांध फुटला तर एका शेतकऱ्याचे नव्हे, साऱ्या गावाचे पीक जाते, म्हणून त्याची राखण गावकरीकडे, म्हणजे जमीन सामाईकपणे धारण करणाऱ्या ग्रामसंस्थेकडे असे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, आणि १५२६ मध्ये पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोंसो मेशिया यांनी या ग्रामसंस्थांचे रीतिरिवाज सनदेत नोंदवून घेतले. म्हणजे साडेचारशे वर्षांच्या राज्याने ज्या पायावर महसूल वसूल केला, तो पाया पोर्तुगीज येण्याआधीच घातला गेला होता. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे आधी जिंकलेल्या प्रदेशांत, चर्च, वाडे आणि रोमन कायद्याची छाप दाट आहे. अठराव्या शतकात जिंकलेल्या पेडणे, सत्तरी, फोंडा, काणकोण यांसारख्या नव्या काबिजादींत देवळे आणि जत्रा जशाच्या तशा राहिल्या. हिंदूंचे शिक्षण तिथे प्रामुख्याने मराठीतून चाले.

आपण आजवर पाहिलेल्या पोर्तुगीज प्रदेशांपैकी गोवाच सर्वांत कमी पोर्तुगीज वाटला, गिनीहूनही कमी, असे रिबेरो यांनी अहवालात नोंदवले. पोर्तुगीज भाषा बहुतेकांना येत नव्हती. राज्यकर्त्यांशी समाजाचे नाते परकेपणाचे, उदासीनतेचे आणि काही ठिकाणी वैराचेही होते. ख्रिस्ती समाजातल्या शिक्षित थरावर पोर्तुगीज संस्कार खोल होते, पण तो थर लहान होता. जात तर धर्मांतरानंतरही टिकून होती. त्याचबरोबर गोवा म्हणजे शेजारच्या प्रदेशाचाच एक तुकडा, असेही त्यांनी म्हटले नाही. गोव्याचे वेगळेपण त्यांना मनापासून मोलाचे वाटत होते.

या अहवालाचे महत्त्व कळण्यासाठी तो आणखी दोन लेखनांशेजारी ठेवून वाचावा लागतो. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तू फ्रेयरी हे १९५१–५२ मध्ये पोर्तुगीज सरकारच्या निमंत्रणावरून गोव्यासह वसाहतींत फिरले. उष्ण प्रदेशांशी मिसळून जाण्याची खास हातोटी पोर्तुगीजांकडे आहे, या त्यांच्या सिद्धान्ताचा राजवटीने पुरेपूर वापर करून घेतला. रिबेरो त्याच भूमीवर उतरले आणि त्यांना तसे मिश्रण फारसे दिसले नाही. दुसरे लेखन गोव्याच्या मुक्तिलढ्यातले नेते त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचे. परकीय शिक्षणाने गोमंतकीयांना स्वतःपासून कसे तोडले, हे त्यांनी १९४४ च्या पुस्तिकेत लिहिले होते. लिस्बनच्या प्राध्यापकाने १९५६ मध्ये जे नोंदवले, त्यातले बरेच एका गोमंतकीयाने बारा वर्षे आधी सांगितले होते, आणि त्याची किंमत तुरुंगवास व हद्दपारी भोगून चुकवली होती. निर्वसाहतीकरणाच्या अभ्यासात हा फरक विसरता कामा नये. रिबेरो यांची सचोटी निर्विवाद आहे. पण त्यांनी लिहिले ते सरकारला उद्देशून, आणि गोमंतकीय त्यात माहितीचा विषय राहिले, निर्णयाचे भागीदार नव्हेत. अहवाल सरकारदरबारीच पडून राहिला; ग्रंथरूपाने तो १९९९ मध्ये, म्हणजे रिबेरो यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. सुएरू द ब्रितू यांचा गोवा आणि उत्तरेकडील ठाण्यांवरचा (दमण, दीव) ग्रंथ १९६६ मध्ये आला, तेव्हा पोर्तुगीज सत्ता जाऊन पाच वर्षे होत होती.

दरम्यान भूगोलाचा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोहोचला होता. दादरा आणि नगर हवेली हे चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेले दोन स्वतंत्र तुकडे, त्यामुळे दमणहून तिथे जायचे तर भारतातूनच वाट. ती वाट मागण्यासाठी पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये दावा लावला आणि आपला हक्क पेशव्यांशी झालेल्या १७७९ च्या तहापर्यंत मागे नेला. तहाच्या सतराव्या कलमात बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे ठरले होते. मराठ्यांनी दिला तो महसुलाचा अधिकार, सार्वभौमत्व नव्हे, हे न्यायालयाने मान्य केले. पुढे ब्रिटिशांनी मात्र पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरली, असेही म्हटले. १२ एप्रिल १९६० च्या निकालानुसार खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रांना नव्हती. भारताने कर्तव्यभंग केलेला नाही, असा निर्वाळाही मिळाला. सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क, आणि स्वामित्व यांतला फरक पुण्याच्या पेशवे दफ्तराला चांगला ठाऊक होता. विसाव्या शतकातल्या वसाहतवादाच्या खटल्यात तोच निर्णायक मुद्द्यांपैकी एक ठरावा, ही या प्रकरणातली सर्वांत लक्षणीय बाब होय.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव १५४२ संमत करून पोर्तुगालचे ‘प्रांत’ हे स्वयंशासन नसलेले प्रदेश आहेत, असे ठरवले. त्या यादीत गोव्याचे नाव होते. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले. सुरक्षा समितीत युद्धबंदी आणि माघारीचा ठराव आला, तो सोव्हिएत नकाराधिकाराने अडला. शेवटपर्यंत लढण्याचा पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांचा आदेश न पाळता गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व तहाने मान्य केले ते लिस्बनमधील राजवट कोसळल्यानंतर, १९७४ च्या अखेरीस.

सत्तांतराने गोव्यापुरता प्रश्न मिटला नव्हता. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. १,७२,१९१ मते केंद्रशासित राहण्याच्या बाजूने पडली, १,३८,१७० विलीनीकरणाच्या. महाराष्ट्रात या निकालाने अनेकांना दुखावले. मात्र गोमंतकीयांना स्वतःबद्दल थेट विचारले गेले ते याच वेळी, आणि म्हणून निर्वसाहतीकरणाच्या अभ्यासात या कौलाला १९६१ च्या शेजारीच जागा द्यायला हवी.

रिबेरो यांनी वसाहतींचा विषय पुढेही सोडला नाही. अंगोलातील पोर्तुगीज वसाहतीकरण आणि त्याचे अपयश या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत अंगोला स्वतंत्र होऊन सहा वर्षे झाली होती.