टॅनिंग बेड आणि इन्फ्रारेड सॉना: एकाच उन्हाची दोन टोकं

युरेनसचा शोध लावणारा विल्यम हर्शेल १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यातल्या एकेका रंगाचं तापमान मोजत होता. पारा सर्वांत जास्त चढला तो तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. हे कळल्यावर जर्मनीतल्या योहान रिटरने दुसरं टोक तपासलं. १८०१ मध्ये त्याला आढळलं की जांभळ्याच्या पलीकडे ठेवलेलं सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळं पडतं. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला रासायनिक बदल. तांबड्यापलीकडचे ते इन्फ्रारेड किरण, जांभळ्यापलीकडचे ते अतिनील. बंद खोलीत इन्फ्रारेड उबेने घाम काढणारा सॉना पहिल्या टोकाचा, अतिनील दिव्यांखाली झोपवून कातडी सावळी करणारा टॅनिंग बेड दुसऱ्या.

पहिल्या वाटेवर भेटतात जॉन हार्वे केलॉग, तेच कॉर्नफ्लेक्सवाले. १८९० च्या दशकात ते विजेच्या बल्बांनी भरलेल्या कपाटात रुग्णांना बसवून घाम काढत. फिजिओथेरपीतला लाल दिव्याचा शेक हाही त्याच कुळातला. आजच्या सॉनात बल्बऐवजी बहुधा कार्बन किंवा सिरॅमिकचे हीटर असतात आणि आतली हवा साधारण ४५ ते ६० अंशांवर राहते. फिनलंडच्या पारंपरिक सॉनात ती ८० च्या वर जाते.

दुसरी वाट सुरू झाली ती उपचारापासूनच. त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार केल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनना १९०३ चं नोबेल मिळालं. १९७० च्या दशकात जर्मनीच्या फ्रीडरिख वोल्फ यांनी अतिनील नळ्यांचा बेड बाजारात आणला आणि औषधाची सौंदर्यप्रसाधनाशी सोयरीक झाली. गोरेपणाची क्रीमं विकत घेणाऱ्या आपल्याला हे गंमतीशीर वाटेल, पण पाश्चात्त्य देशांत सावळी कातडी म्हणजे सुट्टी उपभोगल्याची खूण!

खरी गोम इथे आहे. अतिनील किरणांत पेशींच्या डीएनएला इजा करण्याइतकी ऊर्जा असते, आणि ‘टॅन’ म्हणजे त्या इजेनंतर कातडीने उभारलेला बचाव. शिवाय ही इजा होताना चटका बसत नाही. लाली काही तासांनी दिसते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने टॅनिंग बेडला तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या पंक्तीत बसवलं. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठीच्या वापरावर बंदी घातली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनीही असे व्यावसायिक बेड बंद केले.

इन्फ्रारेड किरण डीएनए तोडत नाहीत, त्याने कातडी टॅनही होत नाही. ‘शरीरातली विषं घामावाटे निघतात’ या जाहिरातीला मात्र फारसा आधार नाही. धोका आहे तो उष्णतेचा: शरीरातलं पाणी कमी होणं, रक्तदाब उतरून उठताना भोवळ येणं. गरोदर स्त्रियांनी, हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आणि दारू पिऊन तर कुणीच आत बसू नये.