खिडकीतली तांदळाची पिशवी

शेकाटा या लांब पायांच्या पाणपक्ष्याचा डोळा लालभडक असतो. सकाळचं ऊन समोरून आलं की त्या लालात प्रकाशाचा एक पांढरा ठिपका चमकतो, टाचणीच्या टोकाएवढा. माझ्या फोटोंचं नेमकं काय बिघडतंय, ते मला पहिल्यांदा त्या ठिपक्यानं सांगितलं.

जानेवारीतला रविवार होता. अंधारातच शिवडीला अटल सेतूवर चढलो आणि उजाडता उजाडता उरणच्या बाजूला पोचलो. तिकडे रस्त्याच्या अगदी कडेला अजून काही पाणथळी शिल्लक आहेत. तीसेक मीटरवर आठ-दहा शेकाटे उथळ पाण्यात चरत होते. गाडी बाजूला घेतली, काच खाली केली, ४०० मिलिमीटरची लेन्स दाराच्या कडेवर टेकवली आणि शंभरेक फोटो काढले. लगेच पुढे निघायचं होतं म्हणून इंजिन चालूच ठेवलं होतं. घरी मोठ्या पडद्यावर फोटो उघडले, तर डोळ्यातल्या ठिपक्याची रेघ झालेली. जवळजवळ प्रत्येक फोटोत रेघ, आणि मध्येच एखाद्यात, कशी कोण जाणे, स्वच्छ ठिपका.

पक्षी हलला असेल, असं आधी वाटलं. पण पक्षी हलला असता तर तो एकटाच पुसट दिसला असता. इथे त्याच्या पायाजवळचं गवत, पाण्यावरची काडी, डोळा, सगळ्यांच्या रेघा एकाच दिशेला आणि एकाच लांबीच्या होत्या. म्हणजे हलला होता कॅमेरा. शटर उघडं होतं तेवढ्या वेळात लेन्स कुठून कुठे गेली, त्याची खूण प्रत्येक ठिपक्यानं करून ठेवली होती.

लेन्स किती हलली तर फोटो बिघडतो? हा हिशोब मी कागदावर मांडला आणि थक्क झालो. हल्लीच्या कॅमेऱ्यांत एका पिक्सेलची रुंदी साधारण ४ मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. ४०० मिलिमीटरच्या लेन्समागे असा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, बसवला आणि लेन्स साधारण ३० सेंटिमीटर लांब धरली (४०० मिलिमीटर हे तिचं नाभीय अंतर, लांबी नव्हे), तर तिचं टोक फक्त ३ मायक्रॉन वर गेलं तरी चित्र एक पिक्सेल सरकतं. आपल्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास असते. केसाचा विसावा भाग!

पण ‘हलणं’ हा शब्द इथे पुरेसा नाही, आणि सगळी गंमत पुढेच आहे. कॅमेरा दोन तऱ्हांनी हलतो. एक म्हणजे आहे तसाच्या तसा, न वळता, बाजूला सरकतो. दुसरं म्हणजे जागच्या जागी कलतो. पक्षी ३० मीटरवर आहे आणि कॅमेरा न वळता १ मिलिमीटर सरकला, तर चित्र जेमतेम ३ पिक्सेल हलतं. तोच कॅमेरा जागेवर राहून लेन्सचं टोक १ मिलिमीटर वर गेलं, तर चित्र ३००हून अधिक पिक्सेल उडतं. शंभरपट! लांबच्या पक्ष्याचा फोटो काढताना खरा शत्रू आहे कलणं. कॅमेरा किती घट्ट धरला यापेक्षा त्याचं कलणं कशानं अडवलं, हे महत्त्वाचं.

आता कलवणारी मंडळी कोण? पहिले आपले हात. पूर्ण निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीक थरथरत असतो, स्नायूंचं कामच तसं चालतं. त्यावर हृदयाचा ठोका. प्रत्येक ठोक्याला रक्त धमनीत ढकललं जातं आणि सगळं शरीर किंचित मागेपुढे होतं. श्वास तर आहेच. लेन्स जितकी लांब, तितका शटरचा वेग जास्त हवा, म्हणजे ४०० मिलिमीटरला निदान १/४०० सेकंद, हा जुना ठोकताळा या थरथरीवरूनच आला. तो फिल्मच्या आणि छोट्या प्रिंटच्या काळातला आहे. आज आपण पडद्यावर एकेक पीस मोठं करून बघतो, तिथे तो अपुरा पडतो.

गाडीत बसलं की आणखी एक जण येतो, इंजिन. नुसतं चालू असलेलं चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ धक्के. तीन सिलिंडरची गाडी असेल तर २०. हे धक्के दारापर्यंत पोचतात. दाराच्या कडेवर बोटांची टोकं टेकवून पाहा, मुंग्या आल्यासारखं वाटतं. मी लेन्स नेमकी त्या कडेवर ठेवली होती. माझा शटरचा वेग होता १/१६०, म्हणजे एका थरथरीच्या साधारण सहाव्या भागाएवढा वेळ. शंभरातले दोन-चार फोटो स्वच्छ का आले, तेही इथेच उलगडलं. झोपाळा दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो आणि मधून जाताना सर्वांत वेगात असतो. थरथरणारी लेन्सही तशीच. शटर योगायोगानं टोकाच्या क्षणी उघडलं तर ठिपका, मध्ये उघडलं तर रेघ. एकामागून एक झटपट फोटो घेत राहण्याचा फायदा हाच. शिवाय पहिल्या फोटोत बोटाचा दाब कॅमेऱ्याला खाली ओढतो, पुढच्यांत बोट स्थिर झालेलं असतं.

यावरचा उपाय स्वयंपाकघरात होता. जंगलात जिप्सीतून फिरणाऱ्यांकडे बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाण्यांनी भरलेली पिशवी, मी पाहिली होती, पण ती नुसती उशी आहे असं समजून सोडून दिली होती. ती उशी नव्हे, हे आधी सांगायला हवं. उशी दाबली की ती परत वर ढकलते, कारण आतला कापूस किंवा फोम स्प्रिंगसारखा वागतो. लेन्स उशीवर ठेवली तर ती डुलते. तांदळाची पिशवी दाबली की दाबलेलीच राहते.

हे का होतं ते मुंबईकराला चौपाटीवर पाहता येईल. लाट नुकतीच मागे गेलेल्या ओल्या वाळूवर पाय ठेवा. पायाभोवतीची वाळू क्षणभर फिकट, कोरडी दिसते. पाय दाबल्यावर पाणी वर यायला हवं, ते उलट आत जातं. याचा उलगडा ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञानं १८८५ मध्ये केला. घट्ट बसलेले कण एकमेकांच्या खाचांत अडकलेले असतात. त्यांना सरकायचं तर एकमेकांवर चढावं लागतं, आणि चढायचं तर जागा जास्त लागते. कणांचा ढीग फुगतो, मधल्या पोकळ्या मोठ्या होतात आणि वरचं पाणी त्यात ओढलं जातं. आता हेच कण जाड कापडात कोंडले तर? फुगायला जागाच नाही, म्हणून सरकताही येत नाही. लेन्स ठेवताना तांदूळ वाहतो, तिच्या आकाराची खोबण तयार करतो, आणि वजन बसलं की जागच्या जागी अडतो. द्रवासारखा वागून आकार घ्यायचा आणि मग घनासारखं धरून ठेवायचं, दोन्ही कामं एकच पिशवी करते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये याच तत्त्वावर यंत्रमानवाचा पंजा केला होता. रबरी फुग्यात कॉफीची पूड भरली, फुगा वस्तूवर दाबला, आतली हवा ओढून घेतली, की पूड अडते आणि वस्तू उचलली जाते. किराणा दुकानातली हवा काढलेली, विटेसारखी कडक पाकिटं तुम्ही हाताळली असतीलच, तोच प्रकार.

दुसरा गुण थरथर गिळण्याचा. कंपनं पिशवीत शिरली की हजारो दाणे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन संपते. लोखंडी दार वाजतं, तांदळाची पिशवी वाजत नाही.

कशानं भरायची यावर मतं पुष्कळ आहेत, माझं ठाम मत तांदूळ. थर्माकोलचे मणी हलके, नेण्याआणण्याला सोयीचे, पण ते स्वतःच दबतात आणि उसळतात, वर वजनही नाही. राजमा फार मोठा, त्यात मोठमोठ्या पोकळ्या राहतात. मोहरी गोल आणि गुळगुळीत, घरंगळते. घरी एक वाटी मोहरी आणि एक वाटी तांदूळ दोन ताटांत हळूच ओतून पाहा. मोहरीचा ढीग पसरट होतो, तांदळाचा उभट राहतो. लांबट दाणे एकमेकांत जास्त अडकतात, आपल्याला तेच हवं आहे. वाळू उत्तम धरते, पण जड होते आणि शिवणीतून तिची धूळ कॅमेऱ्यात जाते.

दोन किलो तांदूळ मागितल्यावर आईनं आधी विचारलं, “कुणाला द्यायचेत?” पिशवीत भरायचेत म्हटल्यावर तिनं कोलमचा डबा बाजूला सारला आणि जाड तांदूळ काढून दिला. “बोरिक पावडर लावून भर. आणि त्यावर खूण कर, नाहीतर कुणीतरी शिजवेल.” जुन्या जीन्सच्या पायाचे दोन तुकडे कापून तिनंच मशीनवर टीप मारून दिली, एका बाजूला चेन. दोन्ही तुकडे मध्ये पट्टीनं जोडले, म्हणजे एक पिशवी दाराच्या आत आणि एक बाहेर लोंबते, खांद्यावरच्या पडशीसारखी. तांदूळ आत वेगळ्या सुती पिशवीत आहे, म्हणून कोंडा बाहेर येत नाही.

भरताना मी पहिल्यांदा चुकलो, गच्च भरली. गच्च पिशवी म्हणजे ढोलकं. दाण्यांना खोबण करायला जागाच उरत नाही आणि लेन्स वरून घसरते. फार सैल भरली तर लेन्स बुडून थेट पत्र्याला टेकते. पाऊण भाग भरली की बरोबर बसते.

ठेवण्यातही कसब आहे. लेन्स तिच्या तोलाच्या जागी टेकवायची, झूमची किंवा फोकसची रिंग पिशवीवर येऊ द्यायची नाही. ट्रायपॉडला जोडायचा पाय असेल तर तो वर फिरवून घ्यायचा. डावा हात लेन्सखाली न धरता वर ठेवून हलकेच खाली दाबायचा. दाब वाढला की दाण्यांमधलं घर्षण वाढतं, पिशवी आणखी घट्ट धरते. डोळा आयपीसला नीट टेकवला की कॅमेऱ्याला दोन आधार मिळतात, एक पुढे तांदळाचा, एक मागे कपाळाचा. दोघांत अंतर आहे, म्हणून कलणं अवघड होतं. अर्धा श्वास सोडून मग बटण. आणि इंजिन बंद, अर्थात गाडी पूर्ण थांबल्यावरच. चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं तर ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते. पिशवी इंजिनची थरथर कमी करते, नाहीशी करत नाही. बाजूला बसलेल्यालाही स्वस्थ राहायला सांगावं लागतं, कारण गाडी स्प्रिंगांवर उभी असते आणि कुणी कूस बदलली की सेकंदभर झुलते. उरणच्या रस्त्यावर कंटेनरचा ट्रेलर गेला की मी फोटो घेतच नाही, गाडी शांत होईपर्यंत थांबतो.

लेन्समध्ये स्टॅबिलायझर असताना हे कशाला, असं बरेच जण विचारतात. १९९५ मध्ये कॅननची ७५-३०० मिलिमीटरची लेन्स आली तेव्हापासून ही सोय बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यांना मिळाली. लेन्स कलली की आतले जायरो ते ओळखतात आणि काचांचा एक गट उलट दिशेला सरकतो. सुंदर यंत्रणा आहे, मीही चालू ठेवतो. पण तीन किलोचं ओझं वीस मिनिटं धरून दुखणारा दंड ती थांबवू शकत नाही, आणि पक्षी तुम्हाला वीस मिनिटं थांबवतोच. पिशवीनं मला १/१००० ऐवजी १/१२५ सेकंदाला फोटो घेता येतो. आठपट प्रकाश मिळतो. पहाटे जिथे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० लागायचा तिथे ८०० पुरतो आणि पिसांचा पोत दाणेदार होत नाही. अर्थात हे उभ्या पक्ष्यासाठी. कवड्या धीवर पाण्यात सूर मारतो तेव्हा १/२००० किंवा त्याहून वेगाचं शटर हवं, तिथे तांदूळ काही करू शकत नाही.

चित्र स्थिर ठेवण्याची अडचण पक्ष्यांनाही आहेच. दादरच्या फुटपाथवर चालणारं कबूतर मान पुढेमागे हलवतं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते डोकं पुढे टाकतं आणि मग हवेत एका जागी धरून ठेवतं, तोवर शरीर खालून पुढे येतं. डोकं थांबलेलं असतं तेवढा वेळ डोळ्यातलं चित्र स्थिर राहतं. १९७८ मध्ये बॅरी फ्रॉस्ट यांनी कबुतरांना ट्रेडमिलवर चालवलं. आजूबाजूचं दृश्य मागे जाईना, तेव्हा त्यांचं मान हलवणंही थांबलं. खाजणात वाऱ्यानं डुलणाऱ्या फांदीवर ढोकरी बसलेली दिसली तर तिच्या डोक्याकडे बघा. फांदी हलते, पाय हलतात, अंग हलतं, चोच जिथल्या तिथे.

आणि गाडीतूनच का, तर अनेक पक्षी माणसाची आकृती ओळखून उडतात, थांबलेल्या गाडीला तेवढे बिचकत नाहीत. दार उघडून पाय खाली टेकवला की थवा गेलाच.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो. बहुधा तेच शेकाटे, तीच पाणथळ. इंजिन बंद, पिशवी दारावर, १/१६० सेकंद. या वेळी डोळ्यातला ठिपका ठिपकाच आला, एकात नव्हे, बहुतेक सगळ्यांत. दहाच्या सुमाराला मात्र पुन्हा सगळं पुसट व्हायला लागलं. या वेळी रेघ नव्हती, कडा नुसत्या विरघळल्यासारख्या. ऊन वर आलं होतं, चिखल तापला होता. तापलेली आणि गार हवा मिसळते तिथे प्रकाश पावलोपावली वाकतो, आणि त्या हवेतून तीस मीटर पार करून आलेलं चित्र लेन्सपर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेलं असतं. एसीची गार हवा खिडकीतून बाहेर पडत असेल तर हा प्रकार आपल्याच दाराशी होतो. त्यावर कुठल्याच पिशवीचा इलाज नाही. कॅमेरा ठेवला, तसंच घरी आलो आणि पिशवी गॅलरीत उन्हात पसरली, कारण मुंबईच्या दमट हवेत तांदूळ फार दिवस कोरडा राहत नाही.