पहिलं रिमोटचं हेलिकॉप्टर घेतलंत? बॅटरी लावायच्या आधी हे वाचा

बॉक्स उघडला की सगळ्यांना काय करावंसं वाटतं ते आम्हाला चांगलं माहितीये, बॅटरी लावायची, रिमोटवरची स्टिक वर ढकलायची आणि हेली थेट छतापर्यंत न्यायचं. म्हणूनच हे पत्रक आम्ही बॉक्समध्ये सगळ्यात वर ठेवतो. आमच्याकडे रिपेअरिंगला जी हेलिकॉप्टरं परत येतात त्यातली बरीचशी पहिल्याच दिवशी पडलेली असतात, आणि उघडून बघितलं की पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: हेली पडलं म्हणून काही मोडलेलं नसतं, पडल्यावरही थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर कमी-जास्त करणारी स्टिक, चालू राहिला म्हणून मोडलेलं असतं.

हे नीट समजून घ्या, बाकी सगळं नंतर शिकता येईल. छोटं हेली वजनाला अगदी हलकं असतं, गुडघ्याएवढ्या उंचीवरून मोटर बंद करून पडलं तर बहुतेक वेळा ओरखडासुद्धा येत नाही. पण पंखा टेबलाच्या पायाला नाहीतर पडद्याला अडकलाय आणि तुम्ही घाबरून स्टिक वरच धरून ठेवलीये, तर मोटर पूर्ण जोर लावत राहते, पंखा फिरू शकत नाही, मग कुठेतरी काहीतरी तुटणारच. आधी मोठ्या गिअरचे दात सपाट होतात, मग मोटर तापते, आणि मोटर तापली की आतलं सर्किट पण जातं. असं हेली हातात घेतलं की जळकट वास येतो, तो वास आला की आम्हाला उघडायच्या आधीच कळतं काय झालंय. म्हणून सवय एकच लावा, हेली हाताबाहेर जातंय असं वाटलं की थ्रॉटल पूर्ण खाली. वाचवायला जाऊ नका, हाताने झेलायला तर मुळीच जाऊ नका. घरात दोघं असाल तर एकाने बाजूला उभं राहून मधेच "कट!" म्हणायचं आणि दुसऱ्याने त्याच क्षणी स्टिक खाली ओढायची, बॅटरी न लावता नुसत्या रिमोटवर दहा-वीस वेळा असं केलं तरी बोट आपोआप खाली जायला लागतं.

तुमच्या हातात नेमकं काय आहे

सुरुवातीला आम्ही जे देतो ते कोअॅक्सियल, म्हणजे एकावर एक दोन पंखे, दोन्ही उलट्या दिशेने फिरणारे. एकच पंखा असला की तो एका बाजूला फिरतो आणि हेलिकॉप्टरचं अंग उलट बाजूला गिरकी घ्यायला बघतं, ते थांबवायलाच मोठ्या हेलिकॉप्टरच्या शेपटीवर छोटा उभा पंखा असतो. दोन उलटे पंखे असले की हा ओढा एकमेकांतच संपतो, आणि नाक फिरवायचं असेल तर आतलं सर्किट एक पंखा थोडा जोरात आणि दुसरा थोडा हळू फिरवतं, बस. वरच्या पंख्याच्या डोक्यावर दोन टोकांना वजन असलेली आडवी दांडी दिसते ना, ती शोभेची नाहीये. ती फिरताना स्वतःची पातळी सोडायला तयार नसते, त्यामुळे हेली कललं की वरच्या पंख्याला हळूहळू सरळ करते. या दांडीमागची कल्पना आर्थर यंग या अमेरिकन संशोधकाच्या कामातून आली, त्यांनी बरीच वर्षं छोटी मॉडेलं बनवून, पाडून, परत बनवून तिच्यावर प्रयोग केले आणि १९४१ मध्ये ती बेल या विमान बनवणाऱ्या कंपनीकडे नेली. तीच दांडी पुढे बेल ४७ वर आली, आणि ८ मार्च १९४६ ला नागरी वापराचं सर्टिफिकेट मिळालेलं ते पहिलं हेलिकॉप्टर ठरलं. आधी मॉडेल उडालं आणि त्यातून माणूस बसायचं हेलिकॉप्टर झालं, हे आम्हाला फार आवडतं, म्हणून कोणी याला नुसतं खेळणं म्हटलं की आम्ही ही गोष्ट सांगतोच.

तीन चॅनलचं आणि चार चॅनलचं यात फरक मोठा आहे, चॅनल म्हणजे रिमोटवरून वेगवेगळ्या किती हालचाली करता येतात ते. तीन चॅनलमध्ये वर-खाली, नाक डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे एवढंच मिळतं, आडवं सरकवता येत नाही. म्हणजे हेली कडेला भिंतीकडे जायला लागलं तर त्याला सरळ बाजूला घेता येत नाही, आधी नाक वळवावं लागतं, तोवर भिंत आलेली असते. लहान मुलांना नुसती मजा म्हणून तीन चॅनल ठीक, पण ज्याला खरंच शिकायचंय त्याने चार चॅनल घ्यावं असं आम्ही स्पष्ट सांगतो. आणि सहा चॅनलचं, कलाबाजी करणारं, ज्याच्या पात्यांचा कोन बदलतो ते पहिलं म्हणून आम्ही विकतच नाही, कोणी हट्ट धरला तरी. त्यात स्टंट मोड चालू असताना घाबरून स्टिक खाली ओढली तर पाती उलट्या कोनात जातात आणि हेली जोराने जमिनीवर आदळतं, म्हणजे वर जी सवय लावा म्हणालो तीच तिथे घात करते. त्याचं थ्रॉटल बंद करायचं बटण वेगळं असतं आणि ते पुढचं शिक्षण आहे.

चालू करायचा क्रम

आधी रिमोट चालू, थ्रॉटल खाली, मग हेलीला बॅटरी. बंद करताना उलटं, आधी हेलीची बॅटरी काढायची, मग रिमोट. कारण सोपं आहे, हेली चालू आणि रिमोट बंद अशी वेळ कधीच यायला नको. बॅटरी लावली की हेली सपाट जमिनीवर ठेवा आणि काही सेकंद हात लावू नका, आतला जायरो, म्हणजे हेली फिरतंय का ते ओळखणारा सेन्सर, तेव्हा "स्थिर म्हणजे काय" ते शिकत असतो, त्या वेळी हातात धरून हलवलं तर पूर्ण फ्लाइटमध्ये नाक एका बाजूला फिरत राहतं आणि लोकांना वाटतं पीस खराब आलाय. असं झालं तर बॅटरी काढून परत लावा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच ठीक होतं.

रिमोट मोड २ चा असेल तर डाव्या स्टिकवर थ्रॉटल आणि नाक फिरवणं, उजव्या स्टिकवर पुढे-मागे आणि आडवं सरकणं. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे असतो आणि पुढे-मागे डावीकडे. कुठलाही शिका, पण एकदा शिकलात की बदलू नका, मित्राकडे दुसरा मोड असेल तर त्याचं हेली उडवायचा मोह टाळा. इन्फ्रारेडवाला, म्हणजे न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारा रिमोट असेल तर तो उन्हात चालत नाही, घरातच उडवा, २.४ गिगाहर्ट्झवाल्याला, म्हणजे रेडिओवर चालणाऱ्याला, उन्हाचा त्रास नसतो. पण वाऱ्याचा त्रास दोघांनाही होतो, आणि छोटं कोअॅक्सियल बाहेर झुळुकीत सुद्धा वाहून जातं.

पहिल्या काही बॅटऱ्या

खोली मोकळी हवी, दहा बाय दहा फूट तरी रिकामी जमीन, छताचा पंखा बंद, एसी बंद, खिडकी बंद, मुलं आणि मांजर बाहेर. जाड गालिचा नको, त्याचे धागे गिअरमध्ये गुंडाळतात, आणि लांब केस तर फारच, शाफ्टवर, म्हणजे पंखे फिरवणाऱ्या मधल्या उभ्या सळीवर, केस गुंडाळला की हेली थरथरायला लागतं आणि कारण लवकर सापडत नाही. डोळ्यांच्या उंचीवर उडवत असाल तर चष्मा घाला, साधा असला तरी चालेल.

हेली समोर ठेवा, शेपटी तुमच्याकडे, नाक पुढे, आणि तुम्ही सहा-सात फूट मागे. शेपटी तुमच्याकडे असली की तुमचं डावं तेच त्याचं डावं, डोक्याला काम कमी. नजर मात्र नाकावर ठेवा, शेपटीवर नको, शेपटी नाकाच्या उलट जाते आणि तिच्याकडे बघून स्टिक दिली की नेमकी उलटी दिली जाते.

आता थ्रॉटल अगदी हळू वाढवा. एक क्षण असा येतो की पायाच्या पट्ट्या जमिनीवर हलक्या होतात आणि हेली बर्फावर ठेवल्यासारखं इकडेतिकडे सरकायला लागतं. इथेच थांबा. पूर्ण एक बॅटरी इथेच घालवा, उडवू नका, नुसतं जमिनीवर सरकतंय त्याला उजव्या स्टिकने जागेवर आणायचा सराव करा. ग्राहकांना हे कंटाळवाणं वाटतं आणि ते सोडून देतात, पण ज्यांनी हे केलं त्यांना पुढे किती सोपं गेलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. हेलिकॉप्टर बनवणारे सिकॉर्स्की यांनी १४ सप्टेंबर १९३९ ला त्यांचं व्हीएस ३०० हे हेलिकॉप्टर पहिल्यांदा उचललं तेव्हा ते पण जमिनीला दोरखंडांनी बांधून आणि थोडंसंच उचललं होतं, हे लक्षात ठेवा.

मग छोट्या उड्या. वर, एक सेकंद, खाली. वर, दोन सेकंद, खाली. इथे एक गोष्ट सगळ्यांना फसवते. जमिनीपासून चार-सहा इंचांवर सगळ्यात सुरक्षित असं वाटतं, पण सगळ्यात अवघड जागा तीच असते, कारण पंख्याने खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून हेलीच्या आजूबाजूला उसळते आणि त्याच हवेत हेली डुलतं. साधारण पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत हा परिणाम जाणवतो. म्हणून उड्या जमायला लागल्या की गुडघ्याच्या वर, कमरेपर्यंत न्या, तिथे हेली अचानक शांत होतं आणि लोक आश्चर्याने आमच्याकडे बघतात. भिंतीजवळ मात्र जाऊ नका, भिंत आणि छत दोन्ही हेलीला आपल्याकडे ओढतात, दोन-तीन फूट तरी लांब ठेवा.

स्टिक कशी द्यायची तर थोडीशी द्या आणि लगेच मध्ये आणा. हेली उशिरा ऐकतं, म्हणजे तुम्ही डावीकडे दिलं की एक क्षण काहीच होत नाही, मग तुम्ही अजून देता, मग दोन्ही मिळून एकदम जोरात जातं, मग तुम्ही घाबरून उजवीकडे पूर्ण देता, आणि झुल्यासारखं प्रत्येक वेळी जास्तच होत जातं. त्या झुल्यात सापडलात तर स्टिक मध्ये सोडा आणि थांबा, कोअॅक्सियल स्वतःहून बऱ्यापैकी सरळ होतं, नाही झालं तर वर सांगितलेलं थ्रॉटल खाली आहेच. बोटाच्या टोकाने टिचकी मारल्यासारखं द्यायचं, दाबून धरायचं नाही.

स्टिक मध्ये असताना पण एकाच बाजूला सरकत असेल तर ट्रिमची, म्हणजे स्टिकचा मध्य थोडा सरकवणारी, बटणं वापरा, सरकतंय त्याच्या उलट बाजूला एकेक टिक. पण त्याआधी बॅटरी नीट बसलीये का बघा. वरची दांडी हेलीच्या अंगाला काटकोनात, म्हणजे आडवी, असताना दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी धरून हेली अधांतरी उचला, नाक खाली गेलं तर बॅटरी थोडी मागे, शेपटी खाली गेली तर थोडी पुढे. वजन एका बाजूला असताना ट्रिम करत बसणं म्हणजे रोगाऐवजी तापावर औषध.

कमरेएवढ्या उंचीवर एक पूर्ण बॅटरी जागेवर धरता आली की नाक थोडं डावीकडे वळवून धरा, थोडं उजवीकडे, मग पूर्ण आडवं. सगळ्यात शेवटी नाक तुमच्याकडे. तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि जवळजवळ सगळेच इथे पाडतात. एक युक्ती मनात ठेवा, हेली तुमच्या दृष्टीने ज्या बाजूला घसरतंय त्याच बाजूला स्टिक द्यायची, पडणाऱ्या भिंतीला त्या बाजूने टेकू लावतात तसं. विचार करून उलटं करायला वेळ नसतो, टेकू पटकन सुचतो. कॉम्प्युटरवर सिम्युलेटर असेल तर ही गोष्ट तिथे आधी करा, तिथे पाडलेलं एक बटण दाबलं की परत उभं राहतं.

बॅटरी

बॅटरी लिथियम पॉलिमर आहे, एका सेलची, ३.७ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाली की ४.२. पाच-सात मिनिटं उडतं, मग त्याच उंचीला जास्त थ्रॉटल लागायला लागतो, तोच इशारा, तेव्हा उतरवा. ३ व्होल्टच्या खाली नेली की ती आतून खराब होते आणि परत पहिल्यासारखी होत नाही. उतरवल्यावर दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, बॅटरी पण आणि मोटर पण, एकामागून एक चार बॅटऱ्या उडवल्या की छोट्या मोटरींचं आयुष्य पटापट संपतं. चार्जिंग सोबत आलेल्या चार्जरनेच, फरशीवर नाहीतर धातूच्या ताटात ठेवून, आणि तुम्ही त्याच खोलीत असताना. रात्री लावून झोपू नका, हे आम्ही हात जोडून सांगतो. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, टोचायची नाही, आमच्याकडे आणून द्या. बरेच दिवस उडवणार नसाल तर पूर्ण भरून ठेवू नका आणि पूर्ण रिकामी पण नको, साधारण अर्धी, म्हणजे ३.८ व्होल्टच्या आसपास.

पडल्यावर काय बघायचं

आधी बॅटरी काढा. मग पाती बघा, टोकाला छोटी चीर असेल तरी बदला, चिकटपट्टी लावू नका, एका बाजूला वजन वाढलं की थरथर सुरू होते. पात्यांचे स्क्रू इतकेच घट्ट हवेत की हेली आडवं धरलं तर पाती स्वतःच्या वजनाने लोंबू नयेत पण बोटाने हलवली की हलावीत, फार आवळले तर पातं कशाला लागल्यावर दुमडत नाही, तुटतं. सगळं ठीक दिसतंय तरी थरथरत असेल तर मधला शाफ्ट वाकलेला असण्याची शक्यता जास्त, तो काढून आरशावर हळू लोळवा, मध्ये उजेडाची फट उघडझाप करताना दिसली की वाकलाय. शाफ्ट सरळ करत बसू नका, नवा घाला.

आमच्याकडे आणताना रिमोट, चार्जर आणि बॅटरी तिन्ही सोबत आणा, नुसतं हेली आणलं तर उडवून तपासता येत नाही. तुटलेले तुकडे पण पिशवीत घालून आणा, आणि गोंद लावायच्या आधी आणा.