ऑस्ट्रेलियाचा ४९१ व्हिसा ते १९१ ची पीआर: अर्ज नेमका कुठे अडकतो

४९१ बद्दल विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, माझे पॉइंट्स (म्हणजे वय, शिक्षण, इंग्लिश, अनुभव वगैरेंचे गुण) किती होतात. पॉइंट्स लागतातच, पण ज्यांचे अर्ज नाकारले गेलेले मी बघितलेत त्यातल्या बहुतेकांचे पॉइंट्स कमी नव्हते. सांगितलेलं आणि कागदावरचं जुळत नव्हतं, किंवा वर्षं मोजण्यात गफलत झाली होती. म्हणून सोप्या पायऱ्या भराभर सांगतो आणि जिथे माणसं अडकतात तिथे थांबतो.

४९१ हा पाच वर्षांचा तात्पुरता स्किल्ड व्हिसा आहे, १६ नोव्हेंबर २०१९ ला जुन्या ४८९ च्या जागी आला. यावर तुम्ही रीजनल भागातच राहायचं आणि काम करायचं. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरं सोडली तर जवळपास सगळा देश रीजनल धरतात, म्हणजे पर्थ, ॲडलेड, कॅनबरा, होबार्ट, डार्विन, गोल्ड कोस्ट, न्यूकॅसल, वोलोंगाँग, जिलाँग हे सगळं आलं, त्यामुळे रीजनल म्हणजे कुठेतरी ओसाड जागी जावं लागेल ही भीती आधी काढून टाका. व्हिसा घेऊन तीन वर्षं झाली, अटी पाळल्या आणि तीन आर्थिक वर्षांचे टॅक्सचे कागद असले की १९१ चा अर्ज करायचा, ती पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहण्याची परवानगी. कंपनीने स्पॉन्सर केलेला ४९४ पण शेवटी १९१ लाच जातो, पण त्यात मालकाच्या अटी वेगळ्या असतात, इथे फक्त ४९१ चं बोलतो.

पात्रता: इन्व्हिटेशन (व्हिसाचा अर्ज करायला येणारं बोलावणं) येईल त्या दिवशी वय ४५ च्या आत, व्यवसाय लिस्टमध्ये, त्याचं पॉझिटिव्ह स्किल असेसमेंट (त्या व्यवसायाच्या संस्थेने शिक्षण आणि अनुभव तपासून दिलेला होकार), आयईएलटीएस या इंग्लिशच्या टेस्टला प्रत्येक बँडमध्ये निदान ६ किंवा त्याच्या बरोबरीची दुसरी टेस्ट, आणि कमीत कमी ६५ पॉइंट्स. त्यातले १५ राज्याच्या नॉमिनेशनचे किंवा नातेवाइकाच्या स्पॉन्सरशिपचे मिळतात. प्रत्यक्षात ६५ वर कोणी बोलावत नाही, बऱ्याच व्यवसायांना त्याहून खूप जास्त लागतात. पीटीई ही दुसरी इंग्लिश टेस्ट देणाऱ्यांनी लक्षात घ्या, ७ ऑगस्ट २०२५ पासून दिलेल्या टेस्टला सरसकट ६५ आणि ७९ मार्कांचे जुने आकडे चालत नाहीत, प्रत्येक स्किलचा आकडा वेगळा झालाय. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून तयारी करू नका.

आता पहिली अडचण, आणि ही जवळजवळ सगळ्यांना येते. अनुभवाचं असं पत्र लागतं ज्यात तुमचं पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि मुख्य म्हणजे तुम्ही रोज काय काम करत होता ते सविस्तर लिहिलंय, लेटरहेडवर, सहीसकट. आपल्याकडच्या कंपन्या देतात काय, तर रिलीव्हिंग लेटर. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होते, त्यांना शुभेच्छा. त्यात ड्युटीजचा एक शब्द नसतो. एचआरला मागितलं तर पॉलिसीत बसत नाही असं उत्तर येतं, आणि पाच वर्षांपूर्वी सोडलेल्या कंपनीत तर ओळखणारं कोणी उरलेलं नसतं. अशा वेळी तुमच्या जुन्या सीनिअरकडून किंवा मॅनेजरकडून ॲफिडेव्हिट करून घेता येतं, नोटरी करून, त्यात तुमचं काम आणि त्यांचं तुमच्याशी असलेलं नातं स्पष्ट लिहायचं, आणि कंपनी असं पत्र देत नाही हे सांगणारा एचआरचा ईमेल असेल तर तो पण जोडायचा. पण नुसतं ॲफिडेव्हिट पुरत नाही, पगार मिळत होता हे दाखवावं लागतं, म्हणजे सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक, बँक स्टेटमेंट. भोसरी-चाकणच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये रोख पगारावर काम केलेल्या मुलांचं इथे खरंच अवघड होतं, कारण काम खरं असतं, हात तयार असतात, पण पीएफ नाही आणि बँकेत काही जमा नाही. त्यांना एवढंच सांगेन की ती वर्षं पॉइंट्समध्ये धरू नका, आणि आजपासून पगार बँकेतच घ्या.

दुसरी अडचण, असेसमेंटचं लेटर आलं की लोक फक्त पॉझिटिव्ह एवढाच शब्द वाचतात. खालची ओळ वाचत नाहीत. आयटीवाल्यांचं असेसमेंट करणारी एसीएस तुमच्या अनुभवातली सुरुवातीची दोन किंवा जास्त वर्षं स्किल्ड होण्यासाठी कापते आणि अमुक तारखेनंतरचाच अनुभव स्किल्ड धरला जाईल असं लिहून देते. इतर बऱ्याच व्यवसायांचं असेसमेंट करणारं व्हेटॅसेस पण अशी तारीख देतं. पॉइंट्स त्या तारखेनंतरच्या नोकरीचे, आणि तेही इन्व्हिटेशनच्या आधीच्या दहा वर्षांतलेच.

हे ईओआयमध्ये, म्हणजे इन्व्हिटेशनसाठी आधी ऑनलाइन भरायच्या फॉर्ममध्ये, कसं अंगावर येतं ते बघा. पुण्यातली ३४ वर्षांची एक सॉफ्टवेअर टेस्टर धरा. वयाचे २५, डिग्रीचे १५, इंग्लिशचे १०, नवऱ्याच्या इंग्लिशचे ५, राज्याचे १५. नोकरी आठ वर्षं, म्हणून एजंटने १५ लावले, एकूण ८५. एसीएसने दोन वर्षं कापलेली, म्हणजे सहाच उरली आणि त्याचे १० च मिळतात, खरे पॉइंट्स ८०. आता तिला वाटेल की किमान तर ६५ लागतात, ८० आहेत म्हणजे काय बिघडलं. बिघडतं. नियम असा आहे की इन्व्हिटेशनवर जो स्कोर छापून आला तेवढा तरी सिद्ध झालाच पाहिजे. ८५ वर बोलावलं आणि ८० निघाले तर अर्ज नाकारला जातो, आणि फी परत मिळत नाही. १ जुलै २०२५ पासून ती मुख्य अर्जदाराला ४,९१० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, नवरा-बायको आणि मुलांची वेगळी. पॉइंट्स कमी सांगितले तर चालतं, जास्त सांगितले तर नाही.

अजून एक, ईओआयमध्ये चालू नोकरीची शेवटची तारीख रिकामी ठेवली की सिस्टिम अनुभव आपोआप वाढवत राहते. तुम्ही मधे नोकरी सोडली आणि ईओआय उघडून तारीख टाकली नाही तर पॉइंट्स वाढतच राहतात आणि त्या खोट्या आकड्यावर इन्व्हिटेशन येतं. वयाचं उलटं आहे, ३३ व्या वाढदिवसाला ३० चे २५ होतात, चाळिशीला २५ चे १५. वाढदिवस जवळ असेल तर राज्याच्या अर्जाची घाई आधीच करा. इन्व्हिटेशन आल्यावर साठच दिवस असतात. त्या साठ दिवसांत कागद जमवायला सुरुवात करायची नसते, ते आधीच तयार हवेत.

राज्याच्या नॉमिनेशनबद्दल जास्त लिहीत नाही कारण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आणि ते दर वर्षी बदलतात, कोटा उघडतो आणि बंद होतो. ईओआय भरला म्हणजे राज्याकडे अर्ज झाला असं समजू नका, बऱ्याच राज्यांत त्यांच्या साइटवर वेगळा अर्ज करावा लागतो.

नातेवाइकाचा रस्ता ऐकायला सोपा वाटतो. सख्खी भावंडं, काका, मामा, मावशी, आत्या, आणि पहिल्या पिढीतली चुलत-मामे-आते-मावस भावंडं सगळी चालतात, फक्त तो नातेवाईक सिटिझन किंवा पीआर हवा आणि रीजनल भागात राहणारा हवा. पण या रस्त्याने इन्व्हिटेशन फार कमी निघतात, आणि नातं सिद्ध करणारा कागद कोणाकडेच नसतो. मामेभाऊ असेल तर तुमचा जन्मदाखला, मग आईचा तिच्या आईवडिलांची नावं असलेला कागद, मग मामाचा तसाच कागद, मग मामेभावाचा दाखला, अशी अख्खी साखळी जोडावी लागते. आई गावात १९५५ ला जन्मली, नोंद झालेलीच नाही. वर लग्नानंतर आडनावच काय, पहिलं नावही बदललेलं. अशा वेळी आईच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढा, शाळा सोडल्याचा दाखला मिळतो का बघा, आणि आजोबांच्या नावावर जमीन असेल तर ते गेल्यावर झालेल्या वारसनोंदीचा फेरफार तलाठ्याकडून घ्या, त्यात सगळ्या मुला-मुलींची नावं एकाच कागदावर असतात, बऱ्याचदा मुलीचं सासरचं नाव पण असतं. सोबत इंग्लिश भाषांतर, भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि पात्रता लिहिलेलं.

नावांचा घोळ इतरांनाही आहेच. मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडील, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. लग्नानंतर आधारवर तिसरंच. नाव खरंच बदललं असेल तर राजपत्रात करून घ्या, त्याला वेळ लागतो म्हणून आत्ताच. नुसता क्रमाचा फरक असेल तर एक ॲफिडेव्हिट, आणि फॉर्ममध्ये आधीची नावं विचारतात तिथे सगळी रूपं लिहा, लपवू नका.

पीसीसी (पोलिसांचा चारित्र्याचा दाखला) पासपोर्ट ऑफिसकडून काढलेली द्या, नोकरीसाठी पोलिसांकडून घेतात ती देऊ नका. गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे मिळून बारा महिने राहिलात त्या प्रत्येक देशाची लागते, त्यामुळे दुबई-मस्कतला नोकरी करून आलेल्यांनी तिकडची आधी मागवा. मेडिकल त्यांच्या पॅनेलच्या डॉक्टरकडेच. नवरा किंवा बायकोचं इंग्लिश सिद्ध झालं नाही तर दुसरा हप्ता म्हणून बरीच मोठी फी लागते. मराठी मीडियमची शाळा असली तरी पूर्ण डिग्री इंग्लिशमधून असेल तर तसं कॉलेजचं पत्र घेऊन ठेवा.

व्हिसा मिळाला. आता पुढची चूक, आणि ही सगळ्यात महाग पडते कारण ती कळेपर्यंत वर्षं गेलेली असतात. भारतातून व्हिसा मिळालेले बरेच जण एकदा जाऊन एंट्री करून परत येतात. इकडे प्रमोशन असतं, मुलांची शाळा असते, आईवडील असतात, माणूस थांबतो, मी समजू शकतो. पण १९१ ला तीन आर्थिक वर्षांच्या एटीओच्या (तिथल्या टॅक्स खात्याच्या) नोटीस ऑफ असेसमेंट, म्हणजे रिटर्न बघून टॅक्स ठरवल्याची पत्रं, लागतात, आणि तिथलं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून असतं, आपलं एप्रिल-मार्च नाही. समजा व्हिसा जानेवारी २०२३ ला मिळाला, म्हणजे जानेवारी २०२८ ला संपणार. तुम्ही कायमचे गेलात ऑगस्ट २०२५ ला. २०२५-२६ ची नोटीस मिळेल, २०२६-२७ ची मिळेल, पण २०२७-२८ हे वर्ष संपणार ३० जून २०२८ ला, तेव्हा व्हिसा संपून पाच महिने झालेले. हातात दोनच नोटिसा. तीन वर्षं व्हिसा होता, ती अट पूर्ण होते, पण ही होत नाही, आणि ४९१ वाढवून मिळत नाही. म्हणून निघायची तारीख ठरवताना एवढं बघा की व्हिसा संपायच्या आधी तुमच्या तिथल्या कमाईच्या वर्षांचे तीन ३० जून येऊन जातात का, आणि तिसऱ्यानंतर रिटर्न भरून नोटीस यायला हातात काही महिने उरतात का.

किमान उत्पन्नाबद्दल ५३,९०० डॉलरचा आकडा अजून फिरतोय. सुरुवातीला तो जाहीर झाला होता खरा, पण नोव्हेंबर २०२२ ला १९१ सुरू झाला तेव्हा किमान रक्कम ठेवलेली नाही. त्या आकड्यापायी दोन-दोन नोकऱ्या करून तब्येत बिघडवून घेतलेली माणसं आहेत, हे वाचून वाईट वाटतं, सरकारी पानावर ही गोष्ट मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत होती. उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न भराच. १८,२०० डॉलरच्या आत कमाई असली की काही जण रिटर्न लागू नाही असं एटीओला कळवून मोकळे होतात, मग त्या वर्षाची नोटीसच निघत नाही. आणि नोटीस म्हणजे नोटीसच, भरलेल्या रिटर्नची कॉपी किंवा कंपनीचं इन्कम स्टेटमेंट चालत नाही.

अटी पाळल्याचा पुरावा पण लागतो. घर आणि कामाची जागा दोन्हीचे पिनकोड रीजनल हवेत. जिलाँगला राहून ट्रेनने मेलबर्नला नोकरी, गोल्ड कोस्टला राहून ब्रिस्बेनला नोकरी, दोन्ही अटीचा भंग आहे. सुट्टीत सिडनीला फिरायला गेलात तर काही होत नाही. घरचे पण याच अटीत येतात, बायकोला मेलबर्नमध्ये चांगली ऑफर आली म्हणून ती तिकडे राहू शकत नाही. पत्ता, फोन, ईमेल, पासपोर्ट, नोकरी किंवा कामाची जागा बदलली की चौदा दिवसांत कळवायचं. मित्रांबरोबर शेअरिंगमध्ये रोख भाडं देऊन राहणाऱ्यांकडे नंतर तिथे राहिल्याचा एकही कागद नसतो, म्हणून भाडं बँकेतूनच द्या, शेरा घालून, आणि लायसन्सवरचा पत्ता बदलत जा. तीन वर्षं होईपर्यंत १८९, १९० किंवा १८६ या पीआरच्या दुसऱ्या व्हिसांना पण अर्ज करता येत नाही, तेव्हा आधी ४९१ घेऊ आणि लगेच दुसरा टाकू असं कोणी सुचवलं तर त्याला फी देऊ नका. ऑस्ट्रेलियात रजिस्टर्ड मायग्रेशन एजंटला नंबर असतो आणि तो सरकारी साइटवर तपासता येतो. इकडे ऑफिस थाटून गॅरंटी देणाऱ्याला तो विचारा.

१९१ ची फी त्यामानाने थोडी आहे, पाचशे डॉलरच्या आसपास, आणि अर्ज ४९१ चालू असतानाच करायचा. मधल्या काळात मेडिकेअर (तिथली सरकारी आरोग्यसेवा) मिळतं, ते कार्ड पोचल्या पोचल्या करून घ्या. पुढे सिटिझनशिपला चार वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यात ४९१ चा काळ धरतात, शेवटचं एक वर्ष मात्र पीआरवर हवं, आणि त्या चार वर्षांत मिळून बारा महिन्यांपेक्षा जास्त आणि शेवटच्या वर्षात नव्वद दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही, तेव्हा भारतातली लांब सुट्टी ठरवताना हे दिवस मोजून ठेवा.